तीन तास पुढचं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं, भिंतीवरचं घड्याळ आहे आणि जन्मभर मी चुकीची वेळ दाखवत आलो आहे. हसू नका. तीच माझी नोकरी होती.

कारखान्यात मला गोल चेहरा, दोन काटे आणि एक नाजूक टिकटिक मिळाली. तिथून विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या काकांनी मला आणलं आणि आपल्या छोट्या कार्यालयात दुसऱ्या एका घड्याळाशेजारी टांगलं. तो शेजारी इथली वेळ सांगे, मी समुद्रापलीकडच्या शहराची, तीन तास पुढची. इथे खिडकीत दुपारचं ऊन रेंगाळत असे, तेव्हा माझ्या मनात तिथल्या रस्त्यांवरचे दिवे लागत. ते शहर मी कधी पाहिलं नाही. तरी तिथल्या किती संध्याकाळी माझ्या अंगावरून गेल्या!

"केवढं लांब आहे हो?" लोक विचारत. "साडेचार हजार किलोमीटर," असं काकांनी सांगितलं की ते नुसतीच मान डोलावत. "सहा तास," म्हटलं की मात्र चेहरे उजळत. एकदा एका आजोबांनी परतीचं तिकीट निरखून विचारलं, "तिथून दहाला निघून इथे एकला? येताना उतार लागतो की काय?" काकांनी हसत माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशी माझी टिकटिक काय रुबाबात चालली होती!

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. माझ्याकडे कुणी बघेना. काचेवर धूळ साचली, सेल संपला आणि स्वप्नं पाहणं एवढंच काम उरलं.

पुढे काकांची सून कार्यालयात येऊ लागली. गुणी पोर, पण या कामात नवखी. तिने मला पुसलं, नवा सेल घातला आणि चुकलेली वेळ शेजाऱ्याशी जुळवून दिली. मला फार बरं वाटलं, आणि फार परकंही.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई तिकीट घ्यायला आल्या. त्या शहरात त्यांची लेक बाळंत होणार होती आणि बाई पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. पण त्यांचे पाय सुजत. प्रवासात सात तासांवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुनेने वाचून दाखवलं, "आठला निघतं, संध्याकाळी पाचला पोचतं." बाईंनी बोटांवर तास मोजले, भिंतीकडे पाहिलं. दोन्ही घड्याळांत एकच वेळ.

"नऊ तास! नाही गं जमायचं. राहू दे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण टिकटिकीपलीकडे मला भाषा नाही.

तेवढ्यात काका आतल्या खोलीतून आले. "अगं, याला इथलं कुणी केलं?" त्यांनी मला खाली काढलं, काटे तीन तास पुढे फिरवले आणि बाईंसमोर ठेवलं. "ताई, पाच वाजतात ते या घड्याळात. आपल्याकडे तेव्हा दोनच. विमानात बसायचं सहा तास, तेही मधे उठून पाय मोकळे करत."

बाई कधी माझ्याकडे, कधी शेजाऱ्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे माझी लेक तीन तासच पुढे आहे?"

"तेवढीच."

"मग गाठते तिला," त्या म्हणाल्या.

बाई जाऊन आल्या, आणि काकांनी मला त्यांना देऊनच टाकलं. आता माझा मुक्काम त्यांच्या शिलाई मशीनच्या वर आहे. सकाळी सुईत दोरा ओवताना त्या माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "नात आता रांगत असेल."

म्हणून सांगतो, मित्रांनो, कुणाच्या घरी एखादं घड्याळ पुढे गेलेलं दिसलं, तर काटे नीट करायला धावू नका. आधी विचारा, "तिकडे तुमचं कोण असतं?"