सुखरामच्या नावावर ठेका

भुपेंद्रच्या बँडच्या अल्बममध्ये तीन प्रकारचा माल होता. स्टुडिओतली गाणी फक्त बँडवाल्यांनाच कळत. लाइव्ह अजून व्हायचं होतं. चालला तो रिमिक्स. सानगडीपासून लाखांदूरपर्यंतच्या वराती त्यावर नाचल्या. एक बाई सूर लावते आणि ठेक्यावर तुटून तुटून ऐकू येतं, सुख-सुख-सुख-राम. नागपूरच्या एका जाणकारानं त्याला भक्तिसंगीतातला प्रयोग म्हटलं. भुपेंद्रनं तेही जमा करून घेतलं.

ती बाई म्हणजे त्याची मोठी आई, थोरली काकू कुंताबाई, आणि सुखराम तिचा नवरा. उभ्या संसारात तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. ‘गुड्डीचे बाबा’वर भागवलं. नाव तोंडून निघालं ते तिरडीपाशी. आमच्याकडे बाया सुरात, सांगून सांगून रडतात. भुपेंद्र तेव्हा मोबाइल धरून उभा होता. घरच्यांना वाटलं, लांबच्या पाहुण्यांना अंत्यदर्शन देतो आहे.

एका वरातीत पोरं आपल्या रडण्यावर कमरा हलवताना कुंताबाईनं पाहिली, आणि पुतण्याला गाठून ते काढायला सांगितलं. तो म्हणाला, चाल पारंपरिक आहे, ती कोणाच्या मालकीची नसते. उलट मोठे बाबा अमर झाले. विधवेला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

लाइव्ह रेकॉर्डिंग सानगडीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत ठरलं. कुंताबाई आपणहून गायला तयार झाली, तेव्हाच त्याला संशय यायला हवा होता. पुढच्या खुर्चीत त्याचा बाप गोपीचंद, म्हणजे तिचा दीर, कडक इस्त्रीत बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच सुरात उचललं, “गोपीचंदा, कायले गेलास रे, घर सुनं करून...”

जित्या माणसाचं रडणं! बायांनी पदर तोंडाला लावले. गोपीचंदचा हात छातीवर गेला. भुपेंद्र माइक ओढू लागला.

“मोठी आई, बंद कर. माहा बाप समोर बसून राहिला.”

“काहून? चालच तं हाय. मी नाव घेतो, तू तुकडे कर.”

ड्रमवाल्यानं काड्या खाली ठेवल्या. गोपीचंद उठला. पोराला म्हणाला, भावाचं नाव त्या गाण्यातून आत्ताच्या आत्ता काढ. भुपेंद्रनं सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडला, रिमिक्स पुसला. मग चिडून म्हणाला, “अन् लोकायच्या मोबाइलातलं कसं काढू?”

“घरोघरी जाय,” कुंताबाई म्हणाली. “मयतीचं सांगाले जातेत तसा.”