खालचा कप्पा

बबडीच्या जन्माआधीच नवऱ्याने घराचा खालचा अर्धा भाग मोकळा करून ठेवला होता. पोर रांगेल, उचकापाचक करेल, म्हणून टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलं, प्लगना झाकणं बसवली आणि माझ्या काचेच्या फुलदाण्या माळ्यावर टाकल्या. बबडी आता अडीच वर्षांची आहे आणि ठेवाल तिथे पडून असते. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. धरून धरून हात भरून आले माझे.

मध्ये एकदा डोकंच फिरलं. रबर ओरबाडून काढलं, माळ्यावर चढले, सगळ्या फुलदाण्या उतरवून धुतल्या आणि खालच्या कप्प्यात ओळीने मांडल्या, अगदी तिच्या हाताशी.

नवरा दारातच थबकला. "अगं, तिचा हात लागला तर?"

"लागू दे की! एक तरी फोडू दे तिला!"

त्याने बबडीची गादी उचलली आणि कप्प्याच्या आणखी जवळ सरकवली.

त्याला महिना होऊन गेला. येणारा-जाणारा म्हणतो, घर काय सुरेख लावलंय! मी रोज फुलदाण्या पुसते. एकीचाही टवका उडालेला नाही.