डोक्यावरची मूठ

तोंडात धरायच्या पारदर्शक रबराच्या त्या तुकड्यावर दातांचे वण होते, वर चार, खाली तीन, आणि रसिका अंगठ्याने ते चाचपत बसली होती – श्वास घ्यायची ही नळी, स्नॉर्कल, संदेशची, तलावाच्या काठावर त्याच्या टॉवेलवर पडलेली, पण हे दात आपले, हे तिच्याखेरीज आणि त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. नवा तुकडा कुठल्याही दुकानात मिळतो. अकरा महिने झाले तरी या बाबाने तो बदललेला नव्हता.

सर्वेशसर फळ्यावर सामानाची यादी लिहीत होते. ठाण्यातल्या या पोहण्याच्या तलावावर ते दर रविवारी सकाळी स्कूबा शिकवत, आणि यंदाची बारा जणांची तुकडी पंधरा दिवसांनी मालवणला समुद्रात उतरणार होती; रसिका आणि संदेश जुने, मदतीला. मास्क, फिन्स, जॅकेट... स्नॉर्कलपाशी मार्कर थांबला.

"हिचं काय करायचं? पाठीवर अख्खं सिलिंडर असताना ही नळी कशाला? मास्कच्या पट्ट्यात अडकते, प्रवाहात डोकं ओढते. उडवूया?"

"राहू द्या सर," संदेश म्हणाला. "वर आल्यावर लागते."

"वर आल्यावर नाक आहे ना रे तुला?"

सगळे हसले. संदेशला हसणं या मंडळींच्या अंगवळणी पडलं होतं. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात तो फोरमन, कल्याणहून यायचा, आणि त्याच्या जॅकेटच्या खिशांत शिट्टी, दोरी, जादा पट्टा असं काय काय कोंबलेलं असायचं, म्हणून त्याचं नाव पडलं होतं जनरल स्टोअर. नाव ठेवणारी रसिकाच. तीही आता सवयीने हसली, आणि हसता हसता तिच्या घशाशी खारट काहीतरी आलं...

...कासव होतं ते, अकरा महिन्यांपूर्वी समुद्रात दिसलेलं. एवढं मोठं, एवढं निवांत, की त्याच्यामागे जाताना सिलिंडरमधली हवा दाखवणाऱ्या गेजकडे बघायचंच राहिलं. काटा पन्नासवर आला की वर यायचं – हे नव्या पोरांना बजावून बजावून सांगणारी ती स्वतः! संदेशने गेजवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा काटा पार तळाला टेकत आला होता. दोघं वर आली तर वारा सुटलेला, बोट लांब, आणि बोटीवरचा माणूस कपाळाशी हात धरून त्यांच्याकडे बघतोय. लांबून विचारायची आणि सांगायची एकच रीत असते. रसिकाने मूठ वळून डोक्यावर ठेवली. सगळं ठीक. बोट वळली आणि आधी दुसऱ्या जोडीला घ्यायला गेली.

मी का ठेवली मूठ? ठीक नव्हतंच काही... पण ऑफिसात, घरी, फोनवर, कुणीही विचारलं की ठीकच तर म्हणत आलेय मी, हाताला तेवढंच ठाऊक. मग दर लाट तोंडात. सिलिंडरमधली हवा संपलेली, श्वास ओढला की तोंडातलं रेग्युलेटर नुसतं दातांना चिकटायचं, ते थुंकलं तर पाणी, पुन्हा पाणी – आणि संदेशने आपली स्नॉर्कल काढून तिच्या तोंडात दिली. स्वतः उताणा तरंगत, लाटा खात, खोकत, तिच्या जॅकेटचा खांदा पकडून राहिला. तिने तोंड पाण्यात घातलं आणि खाली सगळं शांत होतं, हिरवं, आणि श्वास येत होता. आत, बाहेर. इतकी साधी गोष्ट कुणीतरी आपल्याला द्यावी...! वीस मिनिटं ती श्वास घेत होती आणि मास्कच्या आत रडत होती.

बोटीवर तो माणूस कावराबावरा झाला. "मॅडम, तुम्हीच खूण केलीत ना?"

"हो, ठीकच होते की," ती हसून म्हणाली होती. संदेश केस पुसत राहिला, आणि त्यानंतर आजतागायत त्याने हा विषय काढला नव्हता.

"रसिका, तू सांग," सरांचा आवाज. "तुझे डाईव्ह सगळ्यांत जास्त. तू म्हणशील तसं करू."

सरांच्या काखेत फाइल होती. फाइलीत तिला सहायक प्रशिक्षक करण्याचा अर्ज, आज त्यावर सही व्हायची होती. दोन वर्षं ज्याच्यासाठी तिने एकही रविवार मोडला नव्हता तो कागद. ज्याला त्याला ठरवू द्या – एवढंच म्हटलं की झालं, वाक्य जिभेवर तयार होतं. तिने संदेशकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता, अगदी ठरवून. आपल्या नजरेचं ओझं तिच्यावर पडू नये म्हणून... खोटं बोलायलासुद्धा तो तिला जागा करून देत होता.

"राहू द्या ती यादीत, सर," ती म्हणाली. "का ते सांगते."

तिने सांगितलं. कासव, गेज, सगळं. मुठीपाशी आल्यावर आवाज फाटला, तरी सांगितलं. कुणी हसलं नाही. सरांनी मार्करला टोपण लावलं, फाइल दुसऱ्या काखेत घेतली, म्हणाले, "संध्याकाळी फोन करतो," आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मुलं पाण्यात उतरली. संदेश जवळ आला. "अगं, एवढं सगळं कशाला सांगत बसलीस? आता सही केली नाही त्यांनी तर?"

"तुझे आभार मानायचे राहिलेले."

"बोटीवर मानलेस की."

"नाही मानले. मला चांगलं आठवतंय."

"बरं," तो म्हणाला, कान लाल झालेले, आणि उगाचच सिलिंडर उचलायला गेला.

ती काठावर पाय सोडून बसून राहिली. सही होईल, न होईल... अकरा महिने ती संदेशशी तुटक वागत आली होती, चहाला बोलावलं की कामं काढायची, मागून टिंगल करायची, आणि का, ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. राग होता तो. आपल्याला बुडताना पाहिलेल्या एकमेव माणसाचा राग. आता तिने तो आपल्यात शोधून पाहिला, नीट, कानाकोपऱ्यात. नव्हता. दोन सिलिंडर घेऊन तिरका तिरका चालत जाणारा तो माणूस तेवढा दिसत होता, आणि तो आहे याचं तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि समोर बारा पोरं बघत असतानाही तिने ते पुसले नाहीत.