आधीच आत असलेला हात

वहिनीच्या उजव्या हाताची दोन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली, त्याला चौथा दिवस होता. कारखान्याचा चौकशी अहवाल दुसऱ्याच दिवशी तयार झाला: कामगाराचा निष्काळजीपणा. तिच्या माथी खापर फोडून मंडळी मोकळी झाली. मोकळा झाला नाही तो तिचा धाकटा दीर. ती प्रेस चालवणारा प्रोग्राम त्याचा होता, आणि वहिनीला तिथं कामाला चिकटवलंही त्यानंच होतं.

प्रेसच्या साच्यासमोर न दिसणाऱ्या किरणांचा पडदा होता. त्यात हात आडवा आला की बोर्डावरची सतरा नंबरची पिन शून्यावर जायची आणि प्रोसेसरला हाक द्यायची: असेल ते काम टाक, आधी प्रेस थांबव. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. ती कशी ऐकायची हे प्रोग्रामच्या ड्रायव्हर नावाच्या भागात लिहिलेलं असतं, आणि तो ड्रायव्हर धाकट्यानं स्वतः लिहिला होता.

चार दिवस तो कामातून बाजूला काढलेल्या त्या प्रेससमोर लाकडी पट्टी घेऊन उभा होता. ती रिकामी चालवून पडद्यात सहाशे वेळा पट्टी घातली, सहाशे वेळा प्रेस थांबली. पिनचा नंबर पुन्हा पाहिला, वायर बदलली, शेवटी अख्खा बोर्ड बदलला. चूक सापडावी असं वाटायचं, आणि सापडू नये असंही.

"पुरे आता," मॅनेजर म्हणाले. "मशीन ठीक आहे हे तूच दाखवून दिलंस. उद्या सुरू करू."

हात टेकून तो दुपारी दवाखान्यात गेला. दादा खाटेशी बसला होता. त्यानं भावाकडे मान वर करून पाहिलं नाही.

"वहिनी, नेमकं काय झालं होतं? पहिल्यापासून सांगा."

"काय सांगू, भावोजी. पत्रा तिरका बसला होता. साचा वर निघाला तसा मी हात घातला, सरळ करायला. तो वर गेला, आणि लगेच खाली आला. माझंच चुकलं असेल."

"साचा वर जात असतानाच हात आत होता?"

"हो. आधीच आत होता."

धाकट्याला स्वतःची एक ओळ आठवली. साचा वर जाताना यंत्राच्या हादऱ्यानं खोट्या हाका येतात, म्हणून तेवढा क्षणभर त्यानं पिनकडे कान बंद ठेवले होते. कान पुन्हा उघडले की वाट पाहायची ती पिन शून्यावर *जाण्याची*. पण हात आधीच आत असेल तर पिन केव्हाच शून्यावर गेलेली असणार. दारावर पहारेकरी बसायच्या आधीच माणूस घरात शिरला, तर तो कुणाला हटकणार?

तो धावत कारखान्यात आला. साचा वर निघताना पट्टी आत सरकवली आणि धरून ठेवली. साचा वर गेला, खाली आला. पट्टीचा भुगा झाला.

शेजारच्या शेडमध्ये तशाच अकरा प्रेस धडधडत होत्या. अकरा माणसं पत्रे सरळ करत होती. धाकटा कुणाला विचारायला थांबला नाही. त्यानं तिथल्या भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला.

"डोकं फिरलंय का तुझं?" मॅनेजर धापा टाकत आले.

"चूक माझी आहे. दुरुस्त होईपर्यंत एकही चालणार नाही."

"मग गुपचूप दुरुस्त कर. अहवाल गेलाय. कशाला मिटलेलं प्रकरण पुन्हा उकरतोस?"

दुरुस्ती एका ओळीची निघाली: पिन शून्यावर जाताना एकदाच हाक, याऐवजी पिन शून्यावर आहे तोवर हाक. त्यानं साचा वर निघतानाच पट्टी आत धरून दोनशे वेळा पाहिलं. साचा एकदाही पट्टीवर आला नाही. तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं, आणि मग ते आवरेना. सहा वर्षं ती ओळ तशीच होती.

बाराही मशीन दुरुस्त करून तो परत दवाखान्यात गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दादा उठून बाहेर निघून गेला.

वहिनी उशीवरून उठून बसली. "म्हणजे माझी चूक नव्हती."

"नव्हती. माझी होती."

"चार दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय, भावोजी."

तो अजून उभाच होता.

"बसा," ती म्हणाली. "हे सगळं कागदावर लिहा. सही करा. कारखान्यात द्यायच्या आधी मला वाचून दाखवा."

त्यानं खिशातून पेन काढलं. कागद औषधांच्या यादीचा होता, पाठकोरा. बाहेर दादाच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.