काखेपुढची घडी

पोलादकाकांच्या व्यायामशाळेत कुठल्याही दुखण्यावर औषध एकच: शेक घ्या आणि गप्प बसा. त्यामुळे बेंच प्रेसचा बार छातीशी आणताना त्यांच्याच मुलाच्या उजव्या काखेपाशी कापड फाटल्यासारखा आवाज झाला, तेव्हा काकांनी शेकाची पिशवी काढली. पण मुलाचा दंड वांग्यासारखा काळानिळा पडल्यावर त्याच्या आईनं कुणाचं ऐकलं नाही. बापलेकांना पुढे घालून तिनं दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी मुलाला तळवे छातीसमोर जोडून दाबायला सांगितलं. डावीकडे काखेपुढे जाड घडी उठली. उजवीकडे नुसता खळगा.

"छातीचा स्नायू दंडाच्या हाडापासून सुटलेला दिसतोय. एमआरआय करून खात्री करू. पण ऑपरेशन लवकर केलं, तरच तो नीट बसेल."

"ऑपरेशन?" काका उसळले. "तरुणपणी माझंही अस्संच झालं होतं. शेकलं, ठणठणीत झालो! बघा हवं तर."

"बघते. शर्ट काढा."

काकांना तेवढंच हवं होतं. ऐटीत शर्ट काढून त्यांनी तळवे दाबले आणि समोरच्या आरशात पाहिलं. डावीकडे दोरखंडासारखी घडी. उजवीकडे लेकासारखाच खळगा.

"त्यानंतर बेंच प्रेस केलंत?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"त्यानंतर... मी शिकवायला लागलो."

"अगं बाई!" आई म्हणाली. "म्हणजे शर्टाला उजवीकडे झोळ पडतो म्हणून त्या टेलरला जन्मभर बोल लावलेत, ते फुकटच?"

मुलगा हसला, कळवळला आणि पुन्हा हसला. काका मात्र खळगा चाचपत राहिले.

"माझा बसेल आता?"

"इतक्या वर्षांनी अवघड आहे. याचा बसेल."

"मग उद्याच करा," काका म्हणाले.

ऑपरेशननंतर मुलानं झोळीतला हात जरा हलवला, तरी काका घर डोक्यावर घेत. झोळी सुटली, व्यायाम सुरू झाले. आणि एका तपासणीत डॉक्टरांनी पुन्हा तळवे दाबायला सांगितले, तेव्हा उजव्या काखेपुढे घडी उठली. बारीकशीच, पण उठली.

"आता मोकळा बार उचल. वजनं सावकाश," डॉक्टर म्हणाल्या.

काकांनी मुलाला थेट टेलरच्या दुकानात नेलं. त्यांना पाहताच टेलरचा चेहरा पडला.

"काका, पुन्हा उजवी बाजू?"

"बाजू माझीच चुकलीये रे, तुझी नाही. याचं माप घे. दोन्हीकडे सारखं! आणि छातीला सैल ठेव. अजून भरायचीये."