लाल कागदवाले

मित्रांनो, मी एक जुनी निळी लिटमस-पट्टी आहे, चोपडीतली शेवटची. दगडफुलाच्या भाऊबंदांपासून माझा रंग काढला, कागदाला पाजला आणि वाळवून मला कापलं. मला विद्या एकच येते: आम्ल भेटलं की मी लाल होते. माझी लाल बहीण आम्लारी भेटलं की निळी होते. साध्या पाण्यात आम्ही दोघी जशाच्या तशा. फिनॉल्फ्थॅलिन नावाचा आमचा एक नातलग आहे. आम्लारीत तो गुलाबी होऊन मिरवतो, आणि आम्लात घातला तरी पाण्यात बसल्यासारखा बिनरंगी, गप्प. असल्याची एकट्याची साक्ष काढणारेही महाभाग असतात.

एवढंसं ज्ञान, पण माणसांच्या टाळक्यात शिरत नाही.

माझं आयुष्य गेलं धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यात. तिथे सुटे भाग आम्लात बुडवत, मग पाण्याच्या हौदात खळबळत. हौदावर चार बायका उघड्या हातांनी काम करत. ते पाणी तपासायच्या प्रयोगशाळेच्या बाई. आधी हात पुसून कोरडे करायच्या, मग आम्हाला चिमट्याने धरून काचकांडीने एकेक थेंब द्यायच्या. दोघींना, बरं का.

बाई रजेवर गेल्या की मुकादम यायचा. ओल्या बोटांनी एकट्या लाल पट्टीला हौदात बुचकळायचा आणि आरोळी ठोकायचा, "लाल ती लालच! पाणी साधं. चला, हात चालवा!"

अरे दीडशहाण्या, आम्लातही लाल लालच राहते!

एकदा बाई परतल्या तर चौघींची बोटं सोलवटलेली. बाईंनी एका निळ्या पट्टीला थेंब दिला. ती लालबुंद.

"तुमचा कागद जुना झालाय, बाई," मुकादम म्हणाला.

"असेल. मग घाला की हात. कोपरापर्यंत."

मुकादमाचे दोन्ही हात खिशात गेले. चौघींतली थोरली फिस्सकन हसली. "खिशातलं पाणी कसंय, मुकादम?"

हौद त्याच दिवशी उपसला गेला.

पुढे बाई वारल्या. घर माणसांनी भरलं. मुकादमही आला आणि दारातच शेजाऱ्याच्या कानाशी लागला, "बाईंच्या पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही हो. दगड आहे दगड."

एकच कागद बुडवला आणि दिला निकाल! खोड कुठली जातेय.

मुलीने ते ऐकलं. माणसं पांगल्यावर तिने आईचा खण उघडला. कारखान्याच्या सामानासोबत मी तिथेच होते, पण मला तिने लगेच हात लावला नाही. आधी हात पुसले. बोटाबोटांच्या मधून पुसले. कोरडे झाल्यावरही कितीतरी वेळ पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी आईचं सामान परत करायला ती कारखान्यात गेली. चौघींचे हात पाण्यात होते.

"तपासलंय, पोरी," मुकादम म्हणाला. "लाल ती लालच."

"आई दोन्ही वापरायची, काका."

तिने मला चिमट्यात धरलं. थेंब पडला आणि मी लाल झाले, टोकापासून टोकापर्यंत. चार जोड्या हात झटकन बाहेर आले.

"जुना कागद..." मुकादमाने सुरुवात केली.

"नवी निळी चोपडी आणा," पदराला हात पुसत थोरली म्हणाली. "तोवर आम्ही बसलो. आणि ती चोपडी माझ्याकडे राहील."

मित्रांनो, आम्हाला कोरड्या हातांनी धरा, चोपडी डबीत ठेवून झाकण घट्ट लावा. आणि कागद बदलला नाही म्हणून निकाल देण्याआधी दुसरा कागद मागा. तेवढीही तसदी घ्यायची नसेल, तर आधी स्वतःचा हात घाला.