हिरव्या गाडीचा हिवाळी टायर

मी एक जुना हिवाळी टायर आहे. मित्रांनो, तुमच्याकडे टायर एकदा चढला की झिजेपर्यंत चाकावरच राहतो. आमच्या जपानमधल्या आकिता प्रांतात तसं नसतं. नोव्हेंबर आला की घरोघरी उन्हाळ्याचे टायर उतरतात आणि आम्ही चढतो. उन्हाळी टायर थंडीत लाकडासारखा कडक होतो आणि बर्फावर घसरतो. आमचं रबर मात्र कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं, आणि अंगावरच्या शेकडो बारीक चिरांनी आम्ही निसरड्या रस्त्याला धरून ठेवतो. धरून ठेवणं हेच माझं आयुष्यभराचं काम होतं.

माझा जन्म एका तापलेल्या साच्यात झाला. बाहेर आलो तेव्हा माझ्या कुशीवर चार आकडे उमटले होते. कोणत्या वर्षी आणि त्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात जन्मलो, ते त्यांवरून कळतं. तिथून माझ्यासारख्याच तिघांबरोबर मी कामिनोसावा गावातल्या ओनोदेरा बाईंच्या दुकानात आलो. नवरा गेल्यापासून बाई वीस वर्षं ते दुकान एकटीनं चालवत होत्या. बोलायला फटकळ आणि हाताला फार हळुवार अशा होत्या त्या.

एके दिवशी दुपारी दुकानासमोर एक हिरवी, बुटकी, दोनच माणसांची गाडी थांबली. बेडकासारखी जमिनीला चिकटून बसलेली. तिच्यातून एक उंच म्हातारा मोठ्या कष्टानं बाहेर आला आणि दुसऱ्या बाजूनं त्याची मुलगी उतरली.

म्हाताऱ्याचं नाव कामाता मासुओ. अडतीस वर्षं त्यानं लांब पल्ल्याची लॉरी चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यानं स्वतःसाठी एकच हौस केली, ती म्हणजे ही जुनी, वेगानं पळणारी गाडी. एरवी ती फक्त उन्हाळ्यात बाहेर पडायची. पण त्या वर्षी घरातली लहान गाडी कायमची बंद पडली, आणि त्याच सुमाराला मासुओची मूत्रपिंडंही निकामी झाली. रक्त साफ करून घ्यायला आठवड्यातून तीनदा घाट उतरून शहरातल्या इस्पितळात जावं लागे. बर्फ पडला की बसचा भरवसा नसे. म्हणून मुलगी नात्सुए दूरच्या सेंदाई शहरातली चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून गावी आली होती.

दुकानात शिरतानाच दोघांचं वाजलेलं होतं.

"अजूनही सांगते बाबा, ही विकू आणि चारही चाकांना जोर असणारी एखादी साधी गाडी घेऊ."

"आधी मला वीक," म्हातारा म्हणाला.

नात्सुएनं सुस्कारा सोडला आणि ओनोदेरा बाईंकडे वळली. "हिवाळी टायर द्या. दोनच. हिचा सगळा जोर मागच्या चाकांना आहे ना? मग मागचेच दोन पुरेत."

"आणि चांगले रुंद बघून द्या," मासुओनं मधेच तोंड घातलं. "बारके टायर लावले तर बैलाला कोंबडीचे पाय लावल्यासारखे दिसतील."

ओनोदेरा बाई हात पुसत पुढे आल्या. "मासुओसान, अडतीस वर्षं तुम्ही लॉरी चालवलीत, की लॉरीच तुम्हाला चालवत होती?"

मुलीला हसू आवरेना.

"तुम्ही हसू नका," बाई तिला म्हणाल्या. "मागची चाकं ढकलतात, हे खरं. पण वळवतात कोणती? पुढची. ब्रेक दाबला की भार कुठे जातो? पुढे. मागेच दोन हिवाळी लावलेत तर गाडी झोकात निघेल, आणि पहिल्या वळणावर वळायचंच विसरेल. चार लागतील. चारही एका जातीचे, एका वयाचे."

"आणि रुंदी?" मासुओनं हळूच विचारलं.

"रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगतो. अरुंद टायर बर्फ कापत खाली रस्त्याला टेकतो. एक इंच लहान चाक घ्या, त्यावर हे अरुंद, जाड कुशीचे बसवू. कोंबडीचे पाय तर कोंबडीचे पाय! कोंबडी बर्फात घसरलेली पाहिलीत कधी?"

मग बाईंनी दोन तऱ्हा समोर ठेवल्या. एक टायर जरा ताठ होता, कोरड्या रस्त्यावर वेगानं पळायला चांगला. दुसरा मऊ, नुसत्या बर्फासाठी. तो दुसरा म्हणजे मी. मासुओचा हात पहिल्याकडे गेला.

"तुमचा घाट सावलीत आहे," बाई म्हणाल्या. "सकाळी तिथे रस्त्याची काच झालेली असते. तुम्हाला पळायचंय, की पोचायचंय?"

त्यानं हात मागे घेतला. बाईंनी आम्हा चौघांना बसवलं. मी मागे डावीकडे होतो. जाता जाता त्यांनी बजावलं, "एप्रिलमध्ये उतरवायला आणा. शेगडीपासून लांब, अंधारात ठेवा. आणि दर वर्षी मला दाखवा. यांचं रबर वरून तरणं दिसतं आणि आतून म्हातारं होतं."

असं माझं काम सुरू झालं. नात्सुए चालवायची आणि मासुओ शेजारी बसायचा. गाडीची मागची बाजू हलकी, म्हणून त्यानं डिकीत वाळूची पोती टाकली होती. पहिल्या काही दिवसांत वळणावर मागचं अंग सरकलं की नात्सुए घाबरून ब्रेक दाबायची. मग शेजारून शांत आवाज यायचा, "पाय उचल. दाबू नकोस. जिकडे जायचंय तिकडे बघ. आता हळूच वेग दे." मी रस्ता धरायचो आणि गाडी सरळ व्हायची. म्हातारा खिडकीबाहेर बघत पुटपुटायचा, "जमतंय."

त्या दोघांना एकमेकांशी बोलायची सवय नव्हती. नात्सुएच्या लहानपणी बाप महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर असायचा. पण एवढ्याशा गाडीत किती वेळ गप्प बसणार?

"तू सात वर्षांची झालीस, त्या दिवशी मी नागोयात होतो," एकदा तो म्हणाला. "माल उतरवायला माणसंच नव्हती."

"ठाऊक आहे. मी जिन्यात बसून वाट बघत होते."

"मग?"

"मग काही नाही. समोर बर्फ आहे, बोलू नका."

पण पुढच्या खेपेला त्याला बोलतं केलं ते तिनंच.

दुसऱ्या हिवाळ्यात तीन दिवस वादळ चाललं. घाट बंद झाला आणि मासुओची एक खेप चुकली. त्याचे पाय सुजले, श्वास जड झाला. तिसऱ्या दिवशी बर्फ काढणारं यंत्र घाटात निघालं, तेव्हा नात्सुए त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि चालकाला म्हणाली, "तुमच्या मागून येऊ द्या. वडील इस्पितळापर्यंत टिकले पाहिजेत." तो आमच्या बुटक्या गाडीकडे बघून म्हणाला, "बाई, हिला बर्फात टाकलंत तर वसंतातच सापडेल." पण त्यानं आम्हाला मागे घेतलं. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच पांढऱ्या भिंती, मधून ते यंत्र आणि त्याच्यामागे आम्ही. साडेतीन तास लागले. त्या दिवशी मी एकदाही सुटलो नाही. इस्पितळाच्या दारात मासुओनं उतरताना माझ्यावर थाप मारली. मला तेवढं पुष्कळ होतं.

तिसऱ्या वर्षी मात्र वसंतात मासुओला न्यूमोनिया झाला. तो दोन महिने इस्पितळात होता. नात्सुए रोज घाट उतरायची, रोज चढायची. आम्हाला उतरवायचं राहूनच गेलं. पुढे तो घरी आला, पण तोवर जुलै उजाडला होता. तापल्या डांबरावर मऊ रबराचं काय होतं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. माझ्या चिरांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या. अंगातला ओलावा गेल्यासारखं वाटायला लागलं. मी आतून ताठ होत चाललो होतो.

नोव्हेंबर आला. "यंदा एक काम वाचलं," नात्सुए म्हणाली. "टायर लावलेलेच आहेत. नक्षीही दिसतेय अजून."

त्या दुपारी ती घरात असताना मासुओ काठी टेकत अंगणात आला. माझ्याजवळ वाकला आणि माझ्या अंगावर अंगठा दाबला. अंगठा आत रुतला नाही. त्यानं पुन्हा दाबला. त्याला कळलं, मित्रांनो. अडतीस वर्षं चाकांबरोबर काढलेला माणूस तो. मला वाटलं, आता हाक मारेल मुलीला. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला आणि मग काही न बोलता आत गेला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठाच्या सुमाराला आम्ही घाट उतरत होतो. पुलापलीकडच्या वळणावर रस्ता काळा, चकचकीत होता. नात्सुएनं वेळेवर पाय उचलला, जिकडे जायचं तिकडे पाहिलं, सगळं बरोबर केलं. चुकलो मी. मी धरायला गेलो आणि माझ्या हाती काहीच लागलं नाही. गाडीची शेपूट पुढे आली आणि आम्ही गोल फिरत रस्त्याच्या कडेला निघालो. तिथे एक म्हातारी फावड्यानं आपल्या दारातला बर्फ काढत होती.

गाडी बर्फाच्या ढिगात शिरून थांबली. म्हातारी आणि गाडी यांच्यात फावड्याच्या दांड्याएवढं अंतर उरलं होतं.

म्हातारी फावडं टेकून म्हणाली, "आत्ताच साफ केलं होतं मी तिथलं."

तिचं नाव तोमे आजी. नात्सुए दार उघडून बाहेर आली आणि रस्त्यावर गुडघे टेकून माफी मागू लागली. आजीनं तिला दंडाला धरून उठवलं. "ऊठ गं. गुडघे गार पडतील. म्हाताऱ्यालाही आण आत." तिनं दोघांना घरात नेलं, पुढ्यात चहा आणि धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं ठेवलं. घाईत घराचं सरकतं दार अर्धवट उघडं राहिलं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"माझी चूक आहे," नात्सुए म्हणत होती. "एप्रिलमध्ये टायर उतरवायला हवे होते."

"तुझी नाही," मासुओ म्हणाला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"टायर गेलेत ते. मागच्या महिन्यात बघितलं होतं मी."

"आणि बोलला नाहीत?"

"वाटलं, आता चार नवीन घ्यायचे म्हटलं की तू म्हणशील, पुरे झालं. मला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवशील आणि सेंदाईला परत जाशील. गेली असतीस तरी काय बोलणार होतो? मीही असाच जायचो तुम्हाला सोडून."

मग नात्सुए हळू, पण प्रत्येक शब्द तोडून म्हणाली, "या आजी तिथं उभ्या होत्या, बाबा."

म्हातारा रडत होता, असं मला वाटतं. तोमे आजी म्हणाली, "मी आहे अजून. लोणचं खा."

नात्सुएनं इस्पितळात फोन करून दुपारची वेळ मागून घेतली आणि मग ओनोदेरा बाईंना फोन केला. तासाभरात बाई आपल्या गाडीतून चार नवे टायर घेऊन आल्या. आजीच्या अंगणात गाडी उचलून त्यांनी आम्हाला एकेक करून उतरवलं. "एक फोन करायला काय झालं होतं?" असं त्या कुणाचंही नाव न घेता, प्रत्येक टायर उतरवताना एकदा, असं चार वेळा म्हणाल्या. मला खाली ठेवताना मात्र त्यांनी माझ्या कुशीवरचे आकडे पुसून पाहिले आणि म्हणाल्या, "तू दमलास रे."

निघताना मासुओ गाडीपाशी घुटमळत उभा राहिला. नात्सुए दार धरून म्हणाली, "आजपासून दर सोमवारी टायर तुम्ही बघायचे. जे कळेल ते मोठ्यानं सांगायचं."

"सांगेन."

"आणि मी सेंदाईला जाणार का, हे विचारायचं असलं, तर तेही मोठ्यानं विचारायचं."

म्हाताऱ्यानं घसा साफ केला. "जाणार आहेस का?"

"नाही. बसा."

गाडी नव्या टायरांवर हळूहळू वळणापलीकडे गेली. तोमे आजीनं फावडं उचललं आणि पुन्हा बर्फ काढायला लागली.

आम्हा चौघांना पुढे गावच्या बालवाडीनं मागून घेतलं. हल्ली मी तिच्या अंगणात अर्धा जमिनीत उभा असतो आणि मुलं माझ्यावरून उड्या मारतात. मासुओ आणखी दोन हिवाळे जगला, असं ओनोदेरा बाईंच्या बोलण्यातून कळलं. बालवाडीच्या गाडीचे टायर बघायला त्या अजून येतात.

मित्रांनो, तुमच्या घरच्या सायकलीचे, गाडीचे टायर कधीतरी अंगठ्यानं दाबून बघा. कुशीवरचं वय वाचायला शिका. आणि काही बिघडलेलं तुमच्या लक्षात आलं, तर भीती वाटली तरी घरच्यांना सांगा. घाटातल्या त्या सकाळी मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.